येलहंक्यात सक्तीची विश्रांती

येलहंका,
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

भीमा,

संक्रांत झाली, पण तिळगूळ पाठवत नाही. पाठवला तर गोड बोलावं लागेल, आणि आज माझी तशी तयारी नाही. तुझी तब्येत बरी असेल, लेकीकडे महादेवपुऱ्यात करमत असेल, असं धरून चालतो. वर्षभर अबोला असला तरी एवढं धरायला हरकत नसावी.

मी कुठे आहे सांगू? प्रतिमाची मावसबहीण स्मिता, तिच्या आवारात, पेरूच्या झाडाखाली, भाड्याच्या कॅम्पर व्हॅनमध्ये. माझं स्वतःचं घर इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे ह्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी दुसऱ्याच्या बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभा! प्रतिमा म्हणत होती, घरी जाऊ. मी म्हटलं, एकदा उंबऱ्याच्या आत गेलो की कुकर लागतो, दूधवाला येतो आणि दौरा तिथेच संपतो.

बारा दिवसांचा दौरा आहे, पक्ष्यांचा. रंगनतिट्टू झालं, कोक्करेबेळ्ळूर झालं. उद्या सकाळी सहाला हिंदूपूरच्या वाटेनं वीरापुरमला निघायचंय. गाडी मीच चालवतो, प्रतिमाला स्कूटरसुद्धा येत नाही. आणि मधे हा आजचा विश्रांतीचा दिवस, तिच्या हुकुमावरून. अरे, कसली विश्रांती? पक्षी काय रविवार पाळतात? तीस वर्षं तू नि मी बँकेतून रजा काढकाढून हिंडलो, कधी पडून राहिलो होतो?

सकाळपासून तिनं मला तीनदा झोपवलंय. पडदे ओढते, हळदीचं दूध देते. उठून बसलो की, "अहो, सुम्ने, गप पडून राहा की स्वल्प!" झोप येत नाही म्हटलं तर कपाळावर बाम चोळते. बामाच्या वासानं डोकं उठलंय माझं.

त्यात पहाटे स्मितानं तळ्यावर नेलं. मी दुर्बीण लावली आणि छातीठोकपणे सांगितलं, "पेलिकन. दोन. पलीकडच्या काठाला." स्मिता म्हणाली, "रवीभावोजी, सिमेंटची पोती आहेत ती." प्रतिमा हसली नाही. तिनं हसायला हवं होतं रे. एरवी आठवडाभर पुरवून पुरवून चिडवलं असतं. ती नुसती म्हणाली, "डोळे थकलेत तुमचे," आणि हाताला धरून परत घेऊन आली.

तू म्हणशील, आली गाडी त्याच विषयावर. हो, आली. गेल्या वर्षीच्या पक्षीगणनेत तू माझ्या यादीतल्या नवरंगापुढचं 'पाहिला' खोडून 'ऐकला' लिहिलंस. बावीस माणसांसमोर! "कुठल्या फांदीवर होता, रवी?" मला फांदी सांगता आली नाही. पक्षी होता तिथे, त्याची शीळ मी झोपेतही ओळखेन. पण दिसला नव्हता. दिसलं ते 'पाहिला', कानाला कळलं ते 'ऐकला', हा नियम नवख्यांना मीच शिकवायचो, आणि वर्षभर मीच खोटं लिहीत होतो. तू बरोबर होतास. त्याचाच तर राग आला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

फोनच करणार होतो. पण तू "सांग" म्हणाला असतास आणि मी पक्ष्यांचं काहीतरी बडबडून ठेवून दिला असता. लिहिलेलं निदान गिळता येत नाही. अक्षर केवढं मोठं काढतोय, ते तू पाहिलंच असशील.

आता काल काय झालं ते सांगतो.

नेलमंगलाच्या पुढे, दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात. रस्ता मोकळा. एकाएकी प्रतिमा किंचाळली आणि तिनं शेजारून स्टिअरिंग ओढलं. गाडी खडीत उतरून थांबली. मागे वळून बघतो तर रस्त्याच्या मधोमध एक बाई, डोक्यावरचा गवताचा भारा खाली पडलेला. हातभर अंतरानं वाचली. तिनं कन्नडमध्ये माझ्या सात पिढ्या काढल्या आणि भारा उचलून निघून गेली. प्रतिमा म्हणाली, "डुलकी लागली ना तुम्हाला? मला वाटलंच. पाच दिवस धड झोप नाही."

मी म्हटलं, "हो."

म्हणून ही विश्रांती, भीमा. तिला वाटतंय मी दमलोय, झोपलो की उद्या ठीक. मी टक्क जागा होतो. रस्त्यावर नजर लावून होतो आणि ती बाई मला दिसली नाही. डोळ्यांपुढे मधोमध डाग आहे, उजव्याला मोठा, डाव्यालाही सुरू झालाय. ऑगस्टमध्येच डॉक्टरांनी बजावलं होतं, गाडीला हात लावायचा नाही. तो कागद माझ्या कपाटात बनियनांखाली आहे. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. गाडी सुटली की पुढे सगळंच सुटणार, ह्या भीतीनं मी हा दौरा काढला आणि शेजारच्या सीटवर तिला बसवलं. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

स्मिता दुपारी महादेवपुऱ्याला कामावर जाते. तिच्याबरोबर हे पत्र पाठवतोय. उद्या सहाच्या आत तू ये, स्टिअरिंगवर तू बस, आणि प्रतिमाला सांगू की भीमाला हौस आली, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोन पानं लिहीपर्यंत तेच ठरलेलं होतं. पण म्हणजे आणखी एक थाप, आणि आता त्यात तुलाही ओढायचं. नको.

ती आत्ता पायरीवर बसून शेंगा सोलतेय. मला झोप लागलीय असं समजून हळू आवाजात स्मिताशी बोलतेय. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी तिच्या हातात देणार आहे. तुझ्यापर्यंत पोचलं तर समज, तिनं वाचलंय.

तुझा, ज्याला ती बाई दिसली नाही तो,
रविकिरण

—

भीमाभावोजी,
वाचलं. किल्ली माझ्याकडे आहे. उद्याची वाट बघू नका, आजच या. ह्यांच्याशी मी बोलत नाहीये, पण त्यांच्या शेजारी कोणीतरी बसायला हवं.
प्रतिमा