भिंगरीला मी कुणाच्या हाती दिलं

प्रिय आप्पा,

आज सकाळी भिंगरीला नसरापूरला तिच्या नव्या घरी सोडून आले. माझं भोरचं झेरॉक्सचं दुकान आज उघडलंच नाही. तुम्ही गेल्यावर या कुत्रीच्या बाबतीत मी काय केलं, ते कुणालाच सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगते.

मला कुत्र्यांची किळस येते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी टाकलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणारी ती पूर्वा पुण्याहून आली, "काका, किकवीजवळ हिला कुणीतरी गाडीतून टाकून गेलंय, दोन-तीन महिने सांभाळा, शिकवा, तोवर मी घर शोधते," म्हणाली, आणि तुम्ही लगेच हो म्हणालात. मला विचारलंत का? तिच्या कानातल्या गोचिड्या मी काढल्या. अंगणातली ओकारी मी धुतली. खाचरात मेलेल्या खेकड्यांवर लोळून यायची आणि धुतलेल्या साडीवर थेट उडी. तो वास दोन-दोन दिवस नाकातून जायचा नाही.

पाच महिन्यांची ती कुत्री एक मिनिट एका जागी थांबायची नाही. कोंबड्यांच्या मागे, सायकलींच्या मागे, वाऱ्यानं उडालेल्या पिशवीच्या मागे. भिंगरी हे नाव तुम्हीच ठेवलंत.

आणि तुम्ही तिला शिकवायला लागलात. पूर्वानं मोबाईलवर सांगायचं आणि तुम्ही तसं करायचं. भिंगरीनं पट्टा ओढला की तुम्ही जागच्या जागी उभे राहायचात. पट्टा सैल झाला की पुढं पाऊल. घरापासून ओढ्यापर्यंत जायला तुम्हाला तासभर लागायचा. उत्रोलीतली माणसं हसायची. "आप्पा, कुत्रं तुमाला फिरवतंय का तुमी कुत्र्याला?" तुम्ही म्हणायचात, "मला कुठं गाडी गाठायची हाय?" उडी मारली की पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की भाकरीचा तुकडा. ओरडणं नाही, मारणं नाही.

एक विचारू? हा धीर आमच्या वेळी कुठं होता? माझा पाढा चुकला की तुमची पट्टी हातावर बसायची. एसटीचं स्टेअरिंग धरून आलेले ते हात, किती लागायचे तुम्हाला कळायचं तरी का? तुम्ही त्या कुत्रीपुढं उकिडवे बसून "शाणी गं माझी" म्हणायचात, तेव्हा मी आत भांडी आपटायची. मला तिचा राग यायचा. हेही आज लिहून टाकते.

मग तुमच्या छातीत दुखलं, आणि भोरच्या दवाखान्यातून तुम्ही परत आला नाहीत. तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा होती. नंतर घरात मी आणि ती. रोज संध्याकाळी ती दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची. मी तिला ओढ्यापर्यंत न्यायला लागले, तुमच्यासारखीच, थांबत थांबत. प्रेमानं नाही. सवय मोडू नये म्हणून. घर लवकर मिळावं आणि माझ्या मागची ब्याद जावी म्हणून.

घर मिळालं. वेल्ह्याच्या बाजूला बंगला बांधलेले साहेब, बाई आणि त्यांची मोठी गाडी आपल्या दारात. भिंगरी त्यांच्यापुढं बसली, हात दिला, थांब म्हटल्यावर थांबली. बाईंनी मोबाईलवर शूटिंग केलं. साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच रुमालानं बोटन् बोट पुसलं. मी ते पाहिलं, आप्पा.

पूर्वाचा फोन आला. "ताई, घर बघून आलात ना? ती मोकळी राहील ना?"

मी म्हणाले, "हो, बघितलं. चांगलं आहे."

मी पाऊलही टाकलं नव्हतं तिथं. जाऊन येण्यात एक दिवस गेला असता, एवढंच.

अडीच महिने त्यांच्याकडून भिंगरीचे फोटो यायचे, नुसत्या तोंडाचे. मी ते पूर्वाला पुढं पाठवायची. एकदा वेल्ह्याला कचेरीत काम निघालं, परत येताना स्कूटी त्या बंगल्याकडं वळवली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

पुढं हिरवंगार लॉन. मागं पाण्याच्या टाकीजवळ हातभर साखळी, आणि साखळीला भिंगरी. स्वतःच्या घाणीत बसलेली. पट्टा लहानपणीचा होता, ती वाढली, तो मानेत रुतला. खाली मांस दिसत होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मी तिथंच ओकले.

राखणदार म्हातारबुवा धावत आले. "बाई, म्या सांगितलं व्हतं सायबांना. म्हनले, कुत्रं हाय, चाटून बरं व्हईल. म्या हळद लावायचो, पर पट्टा काडू देत न्हाईत."

मी साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "ती लॉन उकरते हो. तुम्ही ट्रेन केलेली आहे म्हणालात. आम्हाला तसंही दुसरं, चांगल्या जातीचं घ्यायचंच आहे. घेऊन जा."

आवाजात जराही लाज नव्हती. तो आवाज आठवला की अजून तोंडात कडू पाणी येतं. अळ्यांची किळस त्या दिवशीच गेली, या आवाजाची जात नाही. आणि त्या माणसाला शिव्या देताना मध्येच माझंच "हो, बघितलं" कानात येतं. मग शिवी अर्धीच राहते.

स्कूटी तिथंच ठेवून दुधाच्या टेम्पोतून तिला नसरापूरच्या डॉक्टरांकडं आणलं. पट्टा कापून काढावा लागला. पूर्वाला फक्त एवढंच कळवलं, की त्यांनी नीट ठेवलं नाही म्हणून परत आणली.

पुढचे तीन महिने सगळं पहिल्यापासून. साखळी वाजली की ती मुतायची. हात वर केला की जमिनीला चिकटायची. मी उकिडवी बसायला शिकले. जखम धुताना हात घाण व्हायचे, होऊ दिले. ज्या दिवशी तिनं परत माझ्या साडीवर चिखलाच्या पायांनी उडी मारली, त्या दिवशी मला पाठ फिरवायचं सुचलंच नाही.

नसरापूरला सुलभाताई आणि त्यांचे मिस्टर पिठाची गिरणी चालवतात. त्यांच्याकडं मी चार वेळा गेले, पाचव्या वेळी न सांगता गेले. मागचं अंगण पाहिलं, ती झोपेल ती जागा पाहिली. सुलभाताई हसून म्हणाल्या, "पोरगी द्यायला आल्यागत करता की." आज निघताना भिंगरी त्यांच्या पायाशी पीठ हुंगत होती. माझ्याकडं बघितलंही नाही. बरं वाटलं, आणि रिक्षात बसल्यावर रडूही आलं.

आप्पा, पूर्वाला वाटतं मी फार चांगली आहे. काल तिनं विचारलं, आणखी एक पिल्लू पाठवू का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या सकाळी मी तिला फोन करीन आणि आधी खरं सांगीन, की वेल्ह्याचं घर न बघताच मी कुत्री दिली होती. ती जे बोलेल ते ऐकून घेईन, मध्ये तुमच्या जाण्याची सबब घालणार नाही. त्यानंतर तिनं माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तिनं ठरवावं. एवढं वचन देते तुम्हाला.

तुमची,
शैला