बाबांच्या बंदुकीचा फोटो

प्रिय आई,

तुझा लायल डकोटात धडधाकट आहे. खोली ऊबदार आहे, काळजी नको.

अर्लिसकाकांकरवी बाबांची शिकारीची बंदूक ऑनलाइन लिलावात विकलीस ना? घेणारा मीच. फोटोत दस्त्यावर आपल्या कुत्र्याच्या दातांच्या खुणा बघून ओळखली. इथल्या बंदुकांच्या परवानेवाल्या दुकानात ती आली, माझ्यावर गुन्हा नाही ना, याची सरकारी तपासणी झाली, मग ताबा मिळाला. दुकानदार म्हणाला, "पाठवणाऱ्यानं तेल काय मायेनं लावलंय!"

काल लिलावातला तो फोटो पुन्हा पाहिला. टेबल आपलंच. पण मागे शेगडी नाही गं, नुसती काजळलेली भिंत. आणि फोनवर म्हणतेस, "सगळं ठीक!"

घरी यायला रजा मागितली तर नोकरी जाईल. तिकडे केंटकीत बर्फ पडतोय म्हणे. आई, तू शेकतेस तरी कशावर?

तुझाच,
लायल