जांभळ्या कॅप्टनची कॅटमरान

३ ऑगस्ट, शनिवार

आजपासून रोजनिशी. पहिला निश्चय: पुराव्याशिवाय कोणावरही संशय घ्यायचा नाही. पुरावा मिळेपर्यंत फक्त लक्ष ठेवायचं.

काल आमच्या ला रोझ मंडळाची बैठक झाली. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: आमच्या सेंट लुशियात गाणाऱ्यांची दोन मंडळं. आम्ही लाल, गुलाबवाले, ला रोझ. ३० ऑगस्टला आमचा सण. दुसरे जांभळे, बटणफुलवाले, ला मार्गरीट. त्यांच्याबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं. दोन्हीकडे राजा, राणी, पोलीस, न्यायाधीश असतात, सगळे लटके. आमच्याकडचा न्यायाधीश मी. मी लटका नाही.

आमचे राजे पापा थिओ यांनी जाहीर केलं, सणाआधीची सहल यंदा कॅटमरानवर. रॉडनी बे ते सूफ्रिएर आणि परत, अख्खा दिवस. गंधकाचा चिखल, जेवण, पोहणं, सगळं त्यात. म्हणजे पर्यटकांची बोट! जन्मभर आम्ही तिला किनाऱ्यावरून हात केला, तिच्यावर चढलं कोण? मग मंडळाला परवडली कशी? उभा राहून विचारलं. पापा थिओ म्हणाले, अरे इग्नी, कॅप्टन भला माणूस आहे, बस खाली. नाव विचारलं. जेरार्ड बिसेट म्हणाले.

बिसेट! पक्के मार्गरीटवाले. त्या घरात बाळ डोळे उघडतं ते जांभळा रंग बघून. तो आम्हाला सवलत देतो? मांजराने उंदराच्या लग्नात वाढपी व्हावं, तसलं हे.

घरी येईपर्यंत कारण कळलं. माझं गाणं. यंदाचं सणाचं गाणं मी लिहिलंय, चालही माझीच. फ्रीज दुरुस्ती मी कोणाकडे शिकलो नाही, संगीतही नाही. तिसरी ओळ म्हणजे बॉम्ब आहे: गुलाबाच्या अंगणात मार्गरीट झाडू मारते. सणाआधी ही त्यांच्या कानावर गेली तर त्यांचं उत्तर तयार राहील आणि माझी अब्रू गेली. दिवसभर आम्हाला बोटीत कोंडून, रम पाजून, ओळ काढून घ्यायची. स्वच्छ बेत.

सहलीला जाणार. पण डोळे उघडे ठेवून.

६ ऑगस्ट

आमची लेक वर्नेसा स्वयंपाकघरात गुणगुणत होती. गुणी पोर. घरात हिच्यावरच काय ते लक्ष ठेवावं लागत नाही. संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाच्या तालमीला जाते. केस ओले करून येते. तालीम समुद्राच्या बाजूला होत असावी.

बायकोचं मात्र काहीतरी चाललंय. मी आत गेलो की मायलेकी गप्प. युरालियाला सरळ विचारलं. म्हणाली, इग्नी, तू तुझे फ्रीज बघ, त्यांना तोंड नसतं. माझ्या वाढदिवसाची गुपचूप तयारी असणार. वाढदिवस फेब्रुवारीत आहे. म्हणजे मोठं काहीतरी दिसतंय.

९ ऑगस्ट

बोटीची पाहणी केली. बर्फाची पेटी तपासतो असं निमित्त. कॅप्टन उंच, वाजवीपेक्षा नम्र. या मिस्टर मोंप्लेझीर, म्हणाला, आणि कोको चहा पुढे ठेवला. साखर बरोबर माझ्या मापाची. हे माप घरच्यांशिवाय कोणाला ठाऊक नाही. हेरगिरी बरीच खोल गेलीय.

मग विचारतो, बोट लागते का तुम्हाला? माझी दुबळी बाजू शोधतोय. मी म्हटलं, माझे आजोबा कनारीजचे कोळी होते. (आजोबांच्या होडीत मला ओकारी झाली तेव्हा ती धक्क्याला बांधलेली होती, हे सांगायचं कारण नव्हतं.)

दोर गुंडाळताना शीळ घालत होता. माझी चाल! पहिल्या दोन ओळींची हुबेहूब. म्हणजे गळती सुरू झालीय. तिसरी अजून सुरक्षित असावी.

केबिनच्या खुंटीवर पिवळ्या फितीची गवती टोपी. वर्नेसाची अगदी अशीच आहे. तिला सांगितलं पाहिजे, तो दुकानदार एकच माल सगळ्यांना विकतो.

१० ऑगस्ट

सापळा लावला. असलं डोकं शाळेत मिळत नाही.

संशयित दोन, पापा थिओ आणि युरालिया. प्रत्येकाला तिसरी ओळ वेगळी सांगायची, कानात, फक्त तुलाच म्हणून. कॅप्टन जी ओळ गाईल, तिचा मालक फितूर. पापा थिओंना सांगितलं, मार्गरीट पाणी भरते. म्हणाले, बरी आहे, पण शेजारणीला सांगू नकोस, तिच्याकडे नळ नाही. युरालियाला सांगितलं, मार्गरीट भांडी घासते. तर म्हणते, हं, भांडी घासतेय मी आणि ओळ मिळतेय तिला.

प्रयोगाला तिसरा माणूस हवा म्हणून वर्नेसाला घेतलं. तिच्यावर संशय नाही, शास्त्र म्हणून. पण डोक्यात टोमणाच उरला नव्हता आणि हॉटेलात एक कॉम्प्रेसर वाट बघत होता. घाईत म्हणालो, मार्गरीट पाहुणी येते. अगदीच मिळमिळीत. ना तिखट ना मीठ. तिने माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाली, डॅडी, खरंच तुम्ही लिहिलीत ही? म्हटलं, मग काय शेजाऱ्याने? गळ्यात पडली. डोळे पुसत होती. कांदा चिरत असावी.

नंतर पाहिलं. कांदा नव्हता.

१७ ऑगस्ट

उद्या सहल. पिशवी भरली: दुर्बीण, शिट्टी, होकायंत्र, घरचं पाणी, घरचं आलं. निश्चय: बोटीवर शत्रूच्या हातचं काही खायचं नाही. बोट लागणं हा निव्वळ मनाचा खेळ असतो. अंगणात डोळे मिटून एका पायावर उभं राहण्याचा सराव केला. पडलो, पण ओकारी आली नाही.

युरालिया म्हणते, उद्या चांगला शर्ट घाल. चिखलात लोळायला चांगला शर्ट?

१८ ऑगस्ट, रविवार, सकाळी ७.४०

बोटीवर. आमची मंडळी लाल कपड्यांत. मी न्यायाधीशाचा पट्टा लावलाय. कॅप्टनचा शर्ट पांढरा, पण टोपीची कड जांभळी. नोंद केली. शिवाय भटारखान्यात त्याची आई, मा बिसेट! एकाच बोटीवर दोन दोन मार्गरीट. गरम तळलेली बेक रोटी माझ्यापुढे धरली. नको म्हटलं. म्हणाली, भाऊ, पिठात कान नसतात, खा. खाल्ली नाही. नुसत्या वासाने निश्चय मोडत नाही.

९.१०

मारिगो गेलं. कॅप्टन माइकवरून माहिती देतोय. एका लढाईचं साल चुकला. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. तो माइकवर म्हणाला, मिस्टर मोंप्लेझीर यांचंच बरोबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोण्याचा हा डबा माझ्यावर रिकामा होणार नाही.

१०.००

आन्स ला रे. बोट लागलेली नाही. कठड्याशी वाकलो होतो ते मासे बघायला. मासे बघण्यात बराच वेळ गेला. पिशवी त्या भरात पाण्यात पडली. आलं गेलं, पाणी गेलं, दुर्बीणही गेली. रोजनिशी खिशात होती. कॅप्टनने स्वतः आल्याचं पाणी आणून दिलं, पाठीवर हातही ठेवला. प्यायलो. जिवंत आहे. पण हळू चढणारी विषंही असतात.

११.३०

सूफ्रिएर. गंधकाचा चिखल. अंगभर फासल्यावर कोण लाल, कोण जांभळा, काही कळत नाही, सगळे राखाडी. हे धोक्याचं आहे. वर्नेसाने कोणाचा तरी हात धरला होता. युरालियाचा असणार. उंची मात्र जुळत नव्हती.

दुपारी १.४५

जेवण. उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा, मा बिसेटच्या हातचा. सकाळपासून पोटात होतं ते सगळं समुद्राला दिलेलं, तेव्हा निश्चय आपोआप शिथिल झाला. चवीबद्दल काही लिहिणार नाही. तपासाचा भाग म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

३.२०

आन्स कोशाँ. बाकी सगळे पाण्यात. मी पहाऱ्यावर. कॅप्टन शिडाखाली एकटा काम करत होता, मी पाण्याच्या पिंपाआड. आणि गायला! गुलाबाच्या अंगणात मार्गरीट पाहुणी येते!

सापडला!

ही वर्नेसाची ओळ. म्हणजे माझ्या भोळ्या पोरीच्या मागे कोणीतरी कान लावून बसलंय. तिला बिचारीला पत्ताही नसेल. परतीच्या वाटेवर खटला. सगळ्यांसमोर.

१९ ऑगस्ट, सोमवार

कालचं उरलेलं आज लिहितोय. काल हात स्थिर नव्हता. रम पंच.

खटला डेकवर भरला. फिर्यादी मी, म्हणून न्यायाला पापा थिओ बसले, उलट्या बादलीवर. आमच्या कोर्टात आरोपीने टोपी काढून खरं बोलायचं असतं, कोर्ट लटकं असलं तरी. कॅप्टनने जांभळ्या कडेची टोपी काढली. मी विचारलं, ही ओळ तुला कोणी दिली? आणि सगळ्यांवरून नजर फिरवली, कोणाचा चेहरा पडतोय.

तो म्हणाला, मिस्टर मोंप्लेझीर, तुम्ही जिला दिलीत तिनेच. धक्क्यावर येऊन गायली आणि रडली. म्हणाली, डॅडींनी स्वतः लिहिलंय, मार्गरीट पाहुणी येते, आता घाबरायचं कारण नाही, तू माझ्यासाठी विचार त्यांना. मी जानेवारीपासून विचारायचं म्हणतोय. तुमच्या दुकानात दोनदा आलो, दोन्हीदा माझ्या शर्टाचा रंग बघून तुम्ही शटर ओढलंत. बोट स्वस्तात दिली ती एवढ्यासाठीच, समुद्रात तुम्हाला उठून जाता येणार नाही.

चेहरे तपासले. एकालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. अख्ख्या ला रोझला माहीत होतं. पोलिसांनासुद्धा.

वर्नेसा डोलकाठीपाशी उभी होती, पिवळ्या फितीची टोपी हातात चुरगळत. माझ्याकडे बघत नव्हती. मा बिसेट पळी हातात घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

ही ओळ खोटी आहे, सापळा आहे, खरी ओळ झाडूची आहे, हे सिद्ध करणं मला एका वाक्याचं काम होतं. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं. वर्नेसाने तेवढ्यात वर बघितलं.

मी म्हणालो, ओळ माझीच आहे.

हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

मग जो आरडाओरडा झाला त्याची नोंद करता येत नाही. पापा थिओंनी निकाल दिला: गाणं फुटलं ते न्यायाधीशाच्याच घरातून, सबब न्यायाधीश दोषी, शिक्षा म्हणून मा बिसेटबरोबर नाच. मी कायद्याचा मुद्दा काढत होतो. मा बिसेट म्हणाली, व्याहीबुवा, नाचताय की परत मासे बघताय?

नाचलो.

२९ ऑगस्ट

लग्नाला परवानगी दिली, त्याचा पश्चात्ताप नाही. पण गाणं वेगळं आणि घर वेगळं. निश्चय: उद्या सणात ऐनवेळी मूळ ओळ गायची. झाडू म्हणजे झाडू. माझा आवाज मोठा आहे, बाकीचे मागे येतील.

३० ऑगस्ट, शुक्रवार

तिसऱ्या ओळीला छाती भरून घेतली आणि झाडू मारला. नेमकं त्याच क्षणी बिसेट कुटुंब दारातून आत आलं, सगळे जांभळ्यात, मा बिसेटच्या हातात केक. आणि सगळं सभागृह एका आवाजात: मार्गरीट पाहुणी येते! माझा झाडू मलाही ऐकू आला नाही. ही तालीम यांनी कधी केली?

लोक येऊन हात मिळवत होते. पापा थिओ म्हणाले, इग्नी, तुझ्या आयुष्यातली पहिली चांगली ओळ. वर्नेसा नुसती माझा पट्टा सरळ करत राहिली. पट्टा सरळच होता.

मिळमिळीत ओळ. कॉम्प्रेसरच्या घाईत सुचलेली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

ला मार्गरीटचा सण. आमंत्रण होतं, पहिल्या रांगेत खुर्ची. एवढा मान देतात म्हणजे काहीतरी शिजतंय, हे ओळखून सावध बसलो. वर्नेसाने माझ्या कोटाला बटणफूल टाचलं. निरीक्षणाच्या सोयीसाठी काढलं नाही.

त्यांचं यंदाचं गाणं सुरू झालं. उत्तर येणार हे ठाऊकच होतं. तिसरी ओळ आली: मार्गरीटच्या अंगणात गुलाब भांडी घासतो.

भांडी. ही ओळ मी फक्त एकाच व्यक्तीच्या कानात सांगितली होती. वळून युरालियाकडे बघितलं. ती वर छताकडे टक लावून होती, जसं काही तिथे मासेच आहेत.

जेवणं झाल्यावर मा बिसेटने माझ्या हातात फडकं दिलं. भांडी पुष्कळ होती.