सासूबाईंनी दिलेले साबण

ती. आईस,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, खरंच. बाबांचा खोकला थांबला का?

सासूबाई मला सारखे सुवासिक साबण आणून देतात, असं मागे मोठ्या कौतुकानं कळवलं होतं ना? त्याचं कारण परवा कळलं.

इथल्या विहिरीच्या पाण्यात गंधक आहे. गार पाण्याला नुसती जराशी चव लागते, पण तेच बाथरूममधल्या हीटरमधून आलं की त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. नव्या सुनेनं तक्रार कशी करायची? मी आपली श्वास रोखून अंघोळ उरकायची. घरात गरम पाणी घेणारी मी एकटीच. सासूबाईंची अंघोळ बारा महिने गार पाण्यानं, आणि तुझ्या जावयाचं नाक सर्दीनं कायम चोंदलेलं.

परवा गुडघे धरले म्हणून सासूबाईंनी गरम पाणी घेतलं. बाहेर आल्या, स्वतःचा दंड हुंगला आणि मटकन खाली बसल्या.

"अगं बाई! म्हणजे तो वास तुझा नव्हताच!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग प्लंबरनं हीटरच्या टाकीतली, गंधकाच्या पाण्याशी मिळून वास करणारी धातूची दांडी बदलली आणि वास गेला.

आता चहाला त्या माझ्या शेजारी येऊन बसतात. आधी खिडकीपाशी बसायच्या. मला आपलं वाटायचं, त्यांना वाऱ्याची आवड आहे.

तू येशील तेव्हा काहीही आण, साबण तेवढा नको.

तुझी,
धुतल्या तांदळासारखी लेक