काजलची तारीख

साखरखेर्डा,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ती. पुष्पाताईस,

काजलचा नमस्कार. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना, जनकामावशींना, नमस्कार सांग. तुझ्या दोन्ही चिमण्यांचा एकेक गालगुच्चा घे, पण हळू. धाकटी चावते हे मी विसरलेले नाही.

इकडे सगळं ठीक. कापसाची वेचणी चालू आहे, त्यामुळे बाबा शेतातून येतात ते थेट ताटावर. आजीचे गुडघे गेले, जीभ मात्र ठणठणीत आहे. म्हैस व्याली आणि वगार झाली, म्हणून आजीनं गल्लीभर खरवस वाटला. आपल्या घरात मादी जन्मल्याचा आनंद होतो तो गोठ्यातच.

पत्र पाहून तू चक्रावशील. पण तुझा फोन आला की इकडे आई स्पीकर लावते, तिकडे मावशी. चौघींनी बोलायचं म्हणजे ग्रामसभाच. म्हणून हे फातिमा चाचीकडे देणार आहे. ती बांगड्या घेऊन तुमच्या सुलतानपूरच्या बाजाराला येते, तुमच्याकडेही डोकावते. परवा तिनं माझ्या हातात बांगड्या चढवून पाहिल्या आणि म्हणाली, "बेटी, तेरा हात तो अभी भी वइच है, पाँचवी वाला." मी हसले. आई नाही हसली.

लिहायला निवांतपणा आहे. मी बाजूला बसलेय ना. आज तिसरा दिवस. मागच्या खोलीतला तोच कोपरा, तीच चटई, ताट-तांब्या वेगळा. माझ्या वहीपेनाला या दिवसांत कोणी शिवत नाही, म्हणून जे काय लिहायचं ते आत्ताच.

हर्षलबद्दल तू विचारलंस. ताई, तुझा दीर चांगला आहे. बघायला आला तेव्हा मला वाटलं होतं मिशीला पीळ देत बसेल. तो बसला पोह्यांतले शेंगदाणे वेचत. आईनं मला तुझ्या लग्नातल्या उंच टाचेच्या चपला घालायला लावल्या होत्या आणि ब्लाउजमध्ये दोन-दोन रुमाल कोंबले होते. मी चहाचा ट्रे घेऊन आले ती सर्कशीतल्यासारखी, तोल सांभाळत. आजीच म्हणाली, "उंचीनं जराशी कमी हाय पोरगी." तर तो म्हणाला, "मी तरी कुठं बांबू हाय? मले चालते." सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. तो जरा वाईट असता तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

आणि तू. तू म्हणालीस, "तू इकडे आलीस की मला घरात कोणीतरी माझं होईल." ते वाक्य मी रोज आठवते. मलाही यायचं आहे गं. तुझ्याशेजारी बसून भाकरी थापायच्या आहेत, मावशींच्या नकला करायच्या आहेत. दोघी बहिणी एका घरात, याहून काय हवं?

आता तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर. "मावशी गुरुजींकडून मुहूर्त काढून राहिल्या, काजलची तारीख कोणती ते कळव. लग्न नेमकं त्या चार दिवसांत यायला नको." मी काही बोलायच्या आत आजीनं मागून सांगितलं, "एकोनीस-वीस धरा." आजीचा हिशोब तलाठ्यापेक्षा पक्का. तू म्हणालीस, "आजी, तिलाच बोलू दे." आणि मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज नीट येत होता, ताई.

तुला मी नववीत असतानाचं आठवतं? आई मला डोळे तपासायला म्हणून संभाजीनगरला घेऊन गेली होती. डोळ्यांना काही झालं नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुली मोठ्या झाल्या होत्या आणि मी पाचवीत होते तशीच. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. रिपोर्टासाठी पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघून सगळं सांगितलं. जन्मापासून माझ्या शरीरात एक गुणसूत्र कमी आहे. त्यामुळे उंची खुंटली, आणि पाळी आपली आपण येणार नाही. उंचीचं औषध लहानपणीच द्यायला हवं होतं. पण गोळ्या चालू केल्या तर अंग भरेल, पाळीही येईल. नाही घेतल्या तर तरुणपणीच हाडं ठिसूळ होतील. हृदयसुद्धा एकदा तपासून घ्या म्हणाल्या. स्वतःचं मूल होण्याची आशा जवळजवळ नाही. मग त्या म्हणाल्या, "बाकी सगळं कर. शीक, नोकरी कर, लग्नही कर. फक्त सांगून कर."

आईनं त्यातलं मुलाचं तेवढं ऐकलं.

घरी आलो तर ओट्यावर आजी आणि शेजारची कलाबाई बसलेल्या. आजीनं विचारलं, "दोन-दोन खेपा काऊन झाल्या? काय म्हने डाक्टर?" आईचा चेहरा मी पाहत होते. ती म्हणाली, "काई नाई. पोरगी मोठी झाली. रस्त्यातच झाली." तिलाही ते तोंडातून निघाल्यावरच कळलं असेल.

पुढचं तुला माहीत आहे, तू होतीस. गूळ-खोबरं वाटलं, माझी ओटी भरली. तू सुलतानपूरहून हिरवी साडी घेऊन आलीस. मी तुझ्या गळ्यात पडून रडले, तेव्हा तू म्हणालीस, "वेडी, सगळ्याच रडतात."

तेव्हापासून दर महिन्याला आई कॅलेंडर बघते आणि मला म्हणते, "बस." मी बसते. गोळ्यांचं पहिलंच पाकीट आजीला सापडलं. "कुवार पोरीले कायच्या गोया?" म्हणत ती मेडिकलवाल्याला दाखवायला निघाली होती. आईनं ते हिसकून चुलीत घातलं. नंतर मी दोनदा बाबांपाशी विषय काढला, की मला दवाखान्यात जायचंय. ते म्हणाले, "तुले काय झालं? महिन्याच्या महिन्याला तर बसून राह्यली." त्यांना काय सांगणार? मी धडधाकट आहे याचा पुरावा मीच दर महिन्याला या चटईवर देते. आता सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी कंडक्टर मला शाळेचा पास मागतो. आणि घरात मी सगळ्यांत नियमित बाई.

आई म्हणते, लग्नानंतर बघू. हर्षल चांगला आहे, सांभाळून घेईल. पण तुझ्या सासूबाई माझ्यासमोर बोलून गेल्या, "मोठीले दोन पोरीच हायेत, आता धाकटीवर भरोसा." लग्न झालं की वर्षभरात त्या विचारतील, आणि माझ्याआधी तुला विचारतील. तू जाणूनबुजून बहीण गळ्यात मारलीस, असंच म्हणतील. तुझं घर माझ्यापायी मोडायला नको. मला तुझ्यासाठी भीती वाटते, ताई. स्वतःसाठी नाही वाटत तेवढी.

म्हणून मावशींना एकोणीस-वीस सांगू नकोस. मला तारीख नाही. कधीच नव्हती.

हर्षलला खरं सांग, किंवा मला सांगू दे. त्यानं नाही म्हटलं तर मी रडेन, पण ते माझं मी बघेन. तू मला फक्त पुन्हा त्या डॉक्टरबाईंकडे ने. साक्षगंधाची बोलणी करायला पुढच्या महिन्यात सगळे इथे जमणार आहेत. त्या महिन्यात मी बसणार नाही. आजी विचारेल, "काऊन नाई बसली?" तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. त्या दिवशी तू माझ्या शेजारी हवीस. आधीच आलीस तर फारच बरं.

आईवर रागावू नकोस. तिनं मला वाचवायलाच हे केलं.

तुझीच,
काजल

ता. क. पत्र घडी घालत होते, तेवढ्यात आई ताट घेऊन आली. आजी कलाबाईकडे गेलीय, बाबा शेतात, घरात आम्ही दोघीच. तिनं ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि लाकडानं माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, "आई, कोणी नाहीये घरात." ती म्हणाली, "असू दे. उद्या डोक्यावरून न्हालीस की मग ये जवळ." ती गंमत करत नव्हती गं. लवकर ये.