आयुषची पहिली ओळ

नाशिक,
६ जुलै २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

तुझ्या शाळेत फोनला रेंज नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं. त्या निमित्ताने भाचीला आत्याची पत्रं तरी वाचावी लागतात.

सोबत माझं कोकराचं चित्रपुस्तक पाठवते आहे. प्रत्येक पानावर उघडायची एक कागदी खिडकी. दाराआड कोकरू आहे का? उघडून बघावं तर मांजर. माझ्या महापालिकेच्या शाळेतली कितीतरी पोरं या खिडक्या उघडत वाचायला शिकली, म्हणून बऱ्याच खिडक्या चिकटपट्टीवर जगताहेत. उरलेल्यांचा निकाल तुझी दुसरीची पोरं लावतील.

दिवाळीआधी परत पाठव, मला आयुषला वाचायला बसवायचंय. तिसरीत गेला माझा नातू, इंग्रजी फाडफाड बोलतो, आणि मराठी पाटी दिसली की मलाच वाचायला लावतो. रवी म्हणतो, आई, त्याला मराठी लिहून करायचंय काय? जन्मभर लोकांची पोरं लिहिती केली आणि घरचं राहिलं. आयुषने स्वतःच्या मनाने मराठीत एक ओळ लिहिलेली बघायची आहे, बस. यावर रवी म्हणतो मी नाटकं करते. असो.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती वेगळी कशाला लिहू.

तुझी,
सुलाआत्या


घोटीजवळून,
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय सुलाआत्यास,
संजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पुस्तक परत पाठवते आहे. त्याने माझी अब्रू वाचवली की घालवली, हे तूच ठरव.

सुरुवातीला पोरांनी ते नुसतं पाठ केलं. पिंकी तर पुस्तक उलटं धरून धडाधडा वाचायची. मग मी सगळ्यांना स्वतःचं पान करायला लावलं. आपलं घर काढायचं, एक खिडकी कापायची, आत काय लपलंय ते काढून खाली एक ओळ लिहायची. मला वाटलं, मांजरं आणि कोंबड्या निघतील. पानं न तपासताच मी पालकसभेत दोरीवर टांगली, कारण शाळेत काही शिकवत नाहीत म्हणून निम्मे पालक पोरांना घोटीच्या इंग्रजी शाळेत घालायला निघाले होते.

पिंकीच्या खिडकीत पिठाच्या डब्यामागे तिच्या आजोबांच्या, पुंजाबाबांच्या विड्या होत्या. डॉक्टरांनी बंद केलेल्या. चतुराबाईंच्या नातीच्या पानावर आजीची नवी साडी तांदळाच्या कणगीत निघाली, सुनेपासून लपवलेली. आणि अमोलच्या गोठ्याची खिडकी उघडली ती शेजारच्या भारतभाऊंनी. आत त्यांचंच फावडं, जे वर्षभर ते गावभर शोधत होते. खाली सुवाच्य अक्षरात मालकाचं नावसुद्धा.

पुढचा तासभर काय झालं ते लिहीत नाही. भारतभाऊ मला म्हणाले, मॅडम, पोरं लय हुशार केली तुम्ही. अमोलचे वडील म्हणाले, जरा दमानं शिकवा. शाळा सोडायचं मात्र आता कुणी बोलत नाही. शेजाऱ्याचं पोर पुढे काय लिहितंय ते प्रत्येकाला बघायचंय.

आयुषला पापा दे. चुकलं असेल तर रागव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझी,
संजना


नाशिक,
५ ऑक्टोबर २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की रवी आतून धावत आला. अगं, पोरांच्या हाती लेखणी दिल्यावर आधी आपण वाचावं, मग टांगावं. एवढं तुला डी.एड.ला शिकवलं नाही?

उद्यापासून आयुषला बसवते. तुझा तो घराच्या पानाचा प्रयोगही करणार आहे. आमची काळजी नको. आमच्या घरात झाकायला काही नाही. विडी नाही, फावडं तर नाहीच नाही.

आईला माझा जयभीम सांग. उत्तराची वाट बघते, उशीर केलास तरी रुसणार नाही.

तुझी,
सुलाआत्या


नाशिक,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. संजना हिस,
अ. उ. आ.

आयुषने ओळ लिहिली. स्वतःच्या मनाने, मराठीत, वेलांटीसुद्धा जागच्या जागी.

चित्र आमच्या हॉलचं आहे. सोफ्यावर रवीचे साहेब, पोट अगदी हुबेहूब. माझ्या खोलीच्या दाराला खिडकी कापली आहे. ती उघडली की आत पलंगावर मी बसलेली, आणि माझ्या मांडीवर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो. खाली लिहिलंय, पाहुणे आले की आजी आणि बाबासाहेब आतल्या खोलीत लपतात.

साहेब यायचे असले की रवी म्हणायचा, आई, दमली असशील, आत पड. फोटोही माझ्या खोलीत आणून ठेवायचा, म्हणायचा, गर्दीत धक्का नको. मला वाटायचं, पोरगं किती जपतं. फार लागलं गं. आणि ओळ इतकी स्वच्छ लिहिली आहे की तिला कुठे नाव ठेवायलाही जागा नाही. पोराने लिहिलेली ओळ पुसून टाकावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि त्याच वेळी आयुषला उचलून घ्यावंसंही वाटलं. उचलूनच घेतलं.

रवीने पान वाचलं, परत वाचलं. म्हणाला, लहान आहे, त्याला काय कळतंय. मग म्हणाला, मराठी आता पुरे. त्यानंतर जेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवारी साहेब पुन्हा जेवायला यायचे आहेत. आई, दमली असशील, असं रवी अजून म्हणालेला नाही. आयुष मात्र नवा कागद आणि कात्री घेऊन बसलाय. मला विचारतोय, या वेळी आजीच्या दाराला खिडकी कापायची का?

मी त्याला म्हटलं, तुझ्या बाबांना विचार.

तुझी,
सुलाआत्या