तुमच्या अर्जातली पत्नी

दि. ९ नोव्हेंबर

यांस,
नमस्कार.

मायना काय लिहावा यावर दोन कागद फुकट गेले. 'प्रिय'चा प्रश्नच नाही आणि 'श्रीयुत' लिहायला हात धजेना, म्हणून नुसतंच 'यांस'. इकडील सर्व क्षेम. तिकडचं कळवलं नाहीत तरी चालेल.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असाल. तुमच्या संसारात मला काडीचाही रस नाही. हे पत्र तुमच्या बायकोच्या हाती पडलं तर तिला माझा नमस्कार सांगा. तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

कारण असं की, तुमच्या थोरल्या काकांकरवी मी जबाबासाठी निरोप धाडला होता, त्यावर त्यांच्याच हाती तुम्ही पाठवलेलं प्रतिज्ञापत्र मिळालं. 'सदर महिलेशी माझा कधीही विवाह झालेला नाही, दोन्ही कुटुंबांची केवळ ओळख होती.' खाली तुमची ती लांब शेपटीची सही. तो कागद याच पाकिटात परत पाठवते आहे. का, ते सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात सांगितलं की तुम्ही त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकता.

माझं पुन्हा लग्न झालं हे तुम्हाला कळलं असेलच. आमचे हे परदेशात लिफ्ट दुरुस्त करतात. लग्नाला अडीच वर्षं झाली, त्यातले एका छपराखाली आम्ही सेहेचाळीस दिवस राहिलो. बाकी संसार फोनवर. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. दिवसभर प्लास्टरचे साचे, मेण आणि परक्या माणसांचे जबडे, संध्याकाळी हातभर लांब धरलेल्या फोनमध्ये नवरा. त्यांच्याकडे जाता यावं म्हणून पत्नी या नात्यानं व्हिसाचा अर्ज केला. 'यापूर्वी विवाह झाला होता का' या रकान्यात एजंटानं 'नाही' लिहिलं.

मागच्या महिन्यात व्हिसा कार्यालयाचं पत्र आलं. त्यांच्या दप्तरी म्हणे असं दिसतं, की साडेदहा वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी कामाच्या व्हिसासाठी अर्ज केला होता, आणि त्यात पत्नी म्हणून माझं नाव आणि जन्मतारीख दिली होती. पत्र मी साच्यांच्या टेबलाशी उभ्यानं वाचलं आणि हसायला लागले. शेजारच्या बाईंना वाटलं, आला व्हिसा.

स्वतःच्या अर्जाची तारीख आठवते का? आपलं मोडून तेव्हा पाच महिने झाले होते. मला ट्रंकेसकट माहेरी धाडलेलं. माझ्या वडिलांना सांगितलेलं, लग्न झालंच नाही असं समजा, मुलीचं नाव चांगलं राहील. आणि तुम्ही कुठल्याशा टेबलावर कोपर टेकून माझी जन्मतारीख लिहीत होता. बायको मागे असली की माणूस परत येतो, असा त्या कार्यालयाचा समज. म्हणजे घरात नको झालेली बायको कागदावर मात्र चालली. माझी जन्मतारीख तुमच्या लक्षात होती, याचं तेवढं नवल वाटलं. घरात असताना कधी आठवली नव्हती.

आता माझी पंचाईत ऐका. आपलं लग्न रीतीनं लागलं, चार माणसांत, जेवणावळीसकट. नोंद कुठेच नाही. मोडलं तेही बैठकीत, तोंडी. कार्यालय म्हणतं, पहिलं लग्न कधी आणि कसं संपलं ते दाखवा, नाहीतर दुसरं आम्ही धरत नाही. शिवाय माहिती लपवली म्हणून पुढची काही वर्षं दार बंद. एकोणीस दिवस उरलेत. वकीलबाई म्हणतात, तुमचा जबाब हवा, आणि बैठकीला हजर असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा हवा. तुमचा हा कागद मी दाखवला तर त्यांच्याच फायलीतला तुमचा जुना अर्ज त्याच्या शेजारी ठेवतील आणि मी दुसऱ्यांदा खोटी ठरेन. तुम्ही कधीच कुणाचे नवरे नव्हता, यावर माझा विश्वास आहे हो. पण ते मानणार नाहीत.

वडीलधारे म्हणून काका उरलेत. त्यांच्याकडे मी दोनदा जाऊन आले. तेव्हा ऐटीत निकाल देणारा माणूस आता खुर्चीत शाल पांघरून बसलेला, आणि खालची कवळी इतकी सैल की बोलताना टकटक वाजते.

"तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून काही लिहिलं नाही, पोरी," म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच."

"माझं भलं झालेलं बघायलाच आलेय," मी म्हटलं.

कवळी मी लॅबमध्ये नेऊन नीट बसेल अशी करून आणली. जबाबावर सही त्यांनी दुसऱ्या खेपेला, कवळी तोंडात बसल्यावर केली. याला लाच म्हणायचं असेल तर म्हणा.

त्या बैठकीचं मला एकच सांगायचं आहे. तुम्ही बाहेरगावी गेलात, असं तुमच्या आईनं सगळ्यांना सांगितलं. मी दाराजवळ उभी होते. माझ्या पायापाशी तुमच्या तपकिरी चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला. ती तार त्याच आठवड्यात मी बांधली होती, टोचू नये म्हणून टोक आत वळवून. सगळं संपेपर्यंत मी त्या चपलांकडे बघत राहिले. या खेपेला काकांना विचारलं, तो कुठे होता? ते म्हणाले, "वर होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होता." तेही त्यांनी जबाबात लिहून दिलं आहे.

मघाशी मी एक खोटं लिहिलं. रकान्यात 'नाही' एजंटानं लिहिलं नाही. त्यानं पेन माझ्या हातात दिलं होतं. यांना मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, आणि अर्ज भरायच्या आदल्या दिवशी ते फोनवर म्हणाले होते, "जे झालं ते लिही. तू काय चोरी केलीस?" तरीही मी 'नाही' लिहिलं. अकरा वर्षं घरच्यांनी पढवलेलं हातानं आपसूक लिहून टाकलं, आणि लिहून झाल्यावर बरंही वाटलं. तुम्हाला भित्रा म्हणायला माझी जीभ कचरत नाही, पण त्या रकान्यापाशी मी तुमच्याच पंगतीला बसले. त्याची मला फार शरम वाटते.

हे यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आता तरी खरं लिही. नाहीच मिळाला व्हिसा तर मी इकडचं सोडून येतो." सात वर्षं खपून तिकडे जम बसवलेला माणूस हे म्हणतो. तुम्हाला तर जिना उतरून खाली येववलं नाही.

तेव्हा स्वतःच्या हातानं लिहा, की हिच्याशी माझं लग्न झालं होतं, अमुक दिवशी माझ्या घरच्यांनी ते मोडलं, आणि पाच महिन्यांनी मी हिला पत्नी म्हणून दाखवलं ते खोटं होतं. तुम्हाला पुन्हा तिकडे जायचं नसेल तर तुमचं यात फारसं काही बिघडत नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणजे लागलंच तर थोडंसंच धैर्य लागेल. टाइप केलेला कागद मला चालणार नाही.

नाही लिहिलंत तरी अठ्ठावीस तारखेला माझा जबाब जाणार आहे. रकान्यात मी खोटं लिहिलं हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. त्याखाली चपला आहेत, तारेसकट. वकीलबाई म्हणाल्या, "साहेबाला चपलांशी काय करायचंय? काढून टाका ते." मी काढलं नाही. तिथे तुम्ही होता, याचा मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला तेवढाच पुरावा आहे.

कळावे. लोभ नव्हताच.

सात महिने तुमच्या घरात,
आणि त्यानंतर फक्त तुमच्या अर्जात,
तुमची पत्नी